‘टाकीच्या मापानंच वाढते’ असं पुन्हा कुणाला सांगू नका
समुद्री मासे विकणाऱ्या दुकानदारांना खुले पत्र

प्रति,
मुंबई, ठाणे, पुणे आणि आसपासच्या शहरांतले समुद्री मासे विकणारे सर्व दुकानदार

सप्रेम नमस्कार,

गेली सतरा वर्षं मी तुमचं गिऱ्हाईक आहे. क्लाउनफिश, टँग, मिठाच्या बादल्या, टेस्ट किट, सगळं तुमच्याकडूनच नेलं. रात्री नऊला पंपाचा इंपेलर तुटला म्हणून धावत आलो, तेव्हा अर्धं खाली ओढलेलं शटर तुमच्यापैकी कुणीतरी माझ्यासाठी परत वर केलं आहे. म्हणूनच हे पत्र सरकारला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. 2017 मध्ये केंद्र सरकारनं मत्स्यालयाच्या दुकानांसाठी नियम आणले, त्यात शंभराहून जास्त जातींवर बंदी होती. धंदा हवालदिल झाला आणि पुढे ते नियम मागे घेतले गेले. त्या गदारोळात तुम्ही एकच म्हणत होता, की आमचं आम्ही नीट बघू, वरून काठी नको. मी तेव्हा तुमच्या बाजूनं बोललो होतो, आजही बोलेन. पण ‘आमचं आम्ही’ यातलं एक काम तसंच पडून राहिलं आहे. ते म्हणजे मोठ्या मोरे ईलची, म्हणजे सापासारख्या लांब अंगाच्या समुद्री माशाची विक्री.

2019 च्या डिसेंबरात मी एका दुकानातून हनीकोंब मोरे घेतली. दुधी अंगावर काळे ठिपके, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. बिलावर नुसतं ‘लेपर्ड ईल’ लिहिलेलं. लांबी जेमतेम हातभर, जाडी अंगठ्याएवढी. माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. किती वाढेल, असं मी विचारलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “टेन्शन नका घेऊ साहेब, टाकीच्या मापानंच वाढते ती.”

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्यालाही ते कुणीतरी असंच सांगितलं असणार. हे वाक्य मी त्यानंतर आणखी किती दुकानांत ऐकलं याची मोजदाद नाही. गोड्या पाण्यात ‘शार्क’ म्हणून विकल्या जाणाऱ्या माशाबद्दल ऐकलं, सोनमाशाबद्दल तर सगळेच ऐकतात. त्यात खरं काही असेल तर ते इतकंच, की लहान टाकीत पाणी लवकर खराब होतं, त्यात मासा खुरटतो आणि पूर्ण वाढ व्हायच्या आत मरतो. मग मेलेला मासा टाकीला साजेसा दिसतो आणि वाक्य खरं ठरल्यासारखं वाटतं.

माझी मोरे खुरटली नाही, कारण मी पाण्याच्या मागेच लागलो होतो. पहिल्या वर्षात ती फूटभर वाढली. तीन वर्षांत चार फुटांवर गेली आणि मनगटाएवढी जाड झाली. या जातीची नोंदलेली कमाल लांबी तीन मीटर आहे. गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळ किंवा कर्नाटकात नेत्राणीला बुडी मारणाऱ्यांना विचारा, पुरुषभर लांबीची हनीकोंब त्यांनी कपारीतून डोकं काढून बसलेली पाहिलेली असते. जायंट मोरेही तीन मीटरपर्यंत जाते आणि वजन तीस किलोपर्यंत. ही दोन्ही पिल्लं तुमच्या दुकानात शेजारशेजारच्या खणांत हातभर लांबीची असतात आणि त्यांच्याच पलीकडे स्नोफ्लेक असते, जी बहुधा दोन-अडीच फुटांवर थांबते आणि मीटरभराच्या पुढे जात नाही. तिघींवर एकच पाटी असते, ‘ईल’. गिऱ्हाइकानं यातून काय समजायचं?

चार फुटांच्या टाकीत चार फुटांची मोरे म्हणजे काय, ते मी रोज बघत होतो. तिला सरळ होताच येत नव्हतं. ती खडकांच्या भोवती गुंडाळून राहायची आणि वळताना एखादा दगड हमखास कलंडायचा. एकदा मोठा खडक काचेवर आदळला, त्या आवाजानं आई झोपेतून उठून बसली. मग सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी करायची ठरवली. तिच्यात 680 लिटर पाणी. समुद्राचं पाणी लिटरला किलोपेक्षा थोडं जडच, म्हणजे नुसत्या पाण्याचे सातशे किलो. त्यात काच, खडक, लोखंडी स्टँड, खालचा सम्प म्हणजे गाळणीची टाकी मिळवली की टन गाठायला फारसं उरत नाही. आमच्या इमारतीचं काम पाहिलेल्या इंजिनिअरना घरी बोलावलं. ते म्हणाले, राहत्या खोलीची जमीन साधारण चौरस मीटरला दोनशे किलो धरून काढलेली असते आणि तुम्ही एक-सव्वा चौरस मीटरवर जवळजवळ टन ठेवायला निघाला आहात. शेवटी बीमच्या रेषेत, भिंतीला लागून टाकी बसवली. त्यासाठी आईचं लाकडी कपाट दुसऱ्या खोलीत हललं. हा सगळा हिशेब हातभर लांबीच्या पिल्लाबरोबरच मला मिळायला हवा होता.

मिठाचं म्हणाल तर लिटरला पस्तीस ग्रॅम. पहिल्यांदा टाकी भरायला चोवीस किलो मीठ लागलं. नंतर दर पंधरवड्याला वीस टक्के पाणी बदलायचं म्हणजे दर खेपेला जवळजवळ पाच किलो. मोरे रोज खात नाही, पण खाते तेव्हा बचकभर खाते आणि तेवढीच घाण करते. दुसऱ्या दिवशी अमोनियाच्या टेस्टचा रंग बदललेला दिसायचा. टाकीच्या लिटरमापाला पुरेल असा स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र, घेतला होता, तो पुरलाच नाही, दुप्पट क्षमतेचा बसवावा लागला. एप्रिल-मेमध्ये आमच्या खोलीचं तापमान चौतीसच्या वर जातं, तिला पाणी पंचवीस-सव्वीसचं हवं. चिलर चोवीस तास. आणि वीज गेली की घड्याळ सुरू, कारण गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. घरात पंखा बंद असला तरी चालेल, पण इन्व्हर्टरवर टाकीचा पंप चालला पाहिजे, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ झालं होतं.

हे सगळं करूनही मला ती हवीच होती, हेही सांगतो. कारण तिच्यासारखा मासा मी दुसरा पाहिला नाही. लोक तिला बघून म्हणतात, किती रागीट, सारखी तोंड उघडते. ती रागावलेली नसते. तिला इतर माशांसारखी कल्ल्यांवरची झाकणं नसतात, मानेशी दोन बारीक भोकं असतात. तोंड उघड-मीट करून ती पाणी आत घेते आणि त्या भोकांतून बाहेर सोडते, म्हणजे ती श्वास घेत असते. नजर अधू, पण नाकाच्या टोकाशी दोन छोट्या नळ्या असतात आणि नाक इतकं तिखट, की मी स्वयंपाकघरात माकूल कापून हात न धुता टाकीशी आलो तर ती काचेला येऊन लागायची. निळा दिवा लावला की खडकाच्या फटीतून तिचं डोकं बाहेर यायचं आणि टाकीतली पट्ट्यापट्ट्यांची क्लीनर कोळंबी आधी तिच्या गालावर, मग ओठावर, मग चक्क तोंडात चालत जायची. एवढे मागे वळलेले सुईसारखे दात, आणि ती कोळंबी त्यांच्यामधून मिशा फिरवत काहीबाही वेचून खायची. मोरे हलायची नाही. दोन-दोन मिनिटं तोंड उघडं ठेवून बसायची. त्याच तोंडानं तिनं माझा एक डॅम्सेल मासा आणि दोन खेकडे एका रात्रीत संपवले होते, पण त्या कोळंबीला तिनं शेवटपर्यंत दात लावला नाही.

तांबड्या समुद्रात जायंट मोरे आणि ग्रूपर हा मोठा मासा मिळून शिकार करतात, असं 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं गेलं. ग्रूपर मोरेच्या बिळाशी येऊन डोकं हलवून तिला बोलावतो, ती बाहेर पडते, ती फटींतून मासे हुसकते आणि तो उघड्यावर धरतो. कधी याच्या वाट्याला येतो, कधी तिच्या. इतकं समजणारा प्राणी आपण ‘फुल अ‍ॅग्रेसिव्ह, सर’ म्हणून विकतो.

तिच्या चाव्याबद्दल मात्र दुकानात नीट सांगितलंच पाहिजे, आणि ते कुणी सांगत नाही. 2007 मध्ये रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी मोरेच्या घशातल्या दुसऱ्या जबड्याचं काम दाखवून दिलं. बहुतेक मासे तोंड फुगवून पाण्याबरोबर भक्ष्य आत ओढून घेतात. मोरे तसं करत नाही. पुढच्या दातांनी धरलं, की घशातला दुसरा जबडा झेपावून तोंडात येतो, भक्ष्यात दात रोवतो आणि ते मागे खेचून नेतो. म्हणजे एकदा बोट आत गेलं की ते सोडवून घेणं आपल्या हातात राहत नाही. थायलंडच्या सिमिलन बेटांपाशी 2005 मध्ये हातानं सॉसेज भरवणाऱ्या एका पाणबुड्याचा अंगठा जायंट मोरेनं तोडून नेला. तिचा द्वेष नव्हता, अंगठ्याचा आकार सॉसेजसारखा होता आणि तिला नीट दिसत नाही. तुमच्यापैकी काहींच्या दुकानांत मोरेला हातानं भरवण्याचे व्हिडिओ काढतात, लहान मुलं पुढे उभी असतात. ते बंद करा. फूटभर लांबीचा चिमटा त्या पिल्लाबरोबर फुकट द्या हवं तर.

आणि जिवंत सोनमासे टाकून ‘लाइव्ह फीडिंग’ दाखवणंही थांबवा. गोड्या पाण्यातला तो मासा खाऱ्या पाण्यात तडफडतो, हा एक भाग. दुसरा भाग मोरेचा. सोनमाशासारख्या काही माशांत थायामिनेज असतं, ते बी-1 जीवनसत्त्व मोडून टाकतं, आणि महिनोन्‌महिने तेच खाल्लं की मोरे आजारी पडते. शिवाय जिवंत भक्ष्याची सवय लागलेली मोरे चिमट्यातला तुकडा तोंडात घेत नाही, मग घरी नेणाऱ्याची पंचाईत. मी बाजारातल्या मावशींकडून माकूल, कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या आलटून पालटून घ्यायचो. “दादा, ह्यात मीठ-मसाला नको का?” असं त्या विचारायच्या. कुणासाठी नेतो हे कळल्यावर त्या माझ्यासाठी माकूल बाजूला काढून ठेवू लागल्या.

झाकणाचं सांगतो आणि मग मुख्य गोष्टीकडे येतो.

मोरे ही मुळात फटीतून फटीत जाणारी. टाकीच्या झाकणात पाइपासाठी ठेवलेलं भोक तिला दार वाटतं. एका पहाटे मी उठलो तर टाकी रिकामी. सोफ्याच्या मागे, भिंतीला लागून ती पडलेली. अंगावरच्या बुळबुळीत थराला घरभराची धूळ, केस, मुलाच्या पेन्सिलीची सालं चिकटलेली. मेली असं समजून मी ओला टॉवेल टाकला आणि टॉवेल हलला. त्या थरामुळे तिची कातडी बराच वेळ ओली राहते, म्हणून वाचली. त्या दिवशी भोकं जाळीनं बंद केली आणि झाकणाला चार क्लॅम्प लावले. तिला खवले नसतात, सगळा भार त्या बुळबुळीत थरावर असतो. म्हणूनच तांब्याचं औषध तिला इतर माशांइतकं सोसत नाही. तुमच्याकडे व्हाइट स्पॉट या रोगासाठी सगळ्या खणांना मिळून एकच पाणी आणि त्यात तांबं असतं, तिथे मोरे ठेवत जाऊ नका.

आता मुख्य. 2023 मध्ये वडिलांचं आजारपण सुरू झालं आणि घरात दवाखान्याची पलंगखाट आली. सहा फुटांची टाकी त्या खोलीत ठेवणं अशक्य झालं. मी तिच्यासाठी घर शोधायला निघालो. 1951 पासून चाललेलं तारापोरवाला मत्स्यालय तोवर बंद पडलेलं होतं, म्हणजे मुंबईत विचारायला सार्वजनिक जागा उरली नव्हती. ओळखीच्या हौशी मंडळींकडे चार-चार फुटांच्या टाक्या. कुणीतरी सुचवलं, वरळीला नेऊन समुद्रात सोड, तिचंच घर आहे. हे मी केलं नाही आणि कुणी करू नये. तुमच्या-माझ्या टाकीत इंडोनेशियाचे, श्रीलंकेचे, कुठकुठचे मासे एकाच पाण्यात राहिलेले असतात, त्यांचे रोग तिच्या अंगावरून आपल्या समुद्रात जाणार. अटलांटिकमध्ये लायनफिश सुटला तो असाच, बहुतेक घरच्या टाक्यांतून. 1985 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याला पहिल्यांदा दिसला आणि आज कॅरिबियनभर पसरला आहे.

शेवटी एका दुकानानं होकार दिला. “आणा, ठेवतो, गिऱ्हाईक बघू.” मी मोठ्या ड्रममध्ये, एअर पंप लावून तिला घेऊन गेलो. त्यांच्याकडे रिकामी होती ती तीन फुटांची टाकी, वर अर्धी काच. मी झाकणाचं दोनदा बोललो. ते म्हणाले, करतो. पाचव्या दिवशी सकाळी फोन आला. रात्रीतून बाहेर पडली होती, फरशीवर, शटरच्या कडेला. मी गेलो तेव्हा तिला वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं. नाकाच्या त्या दोन नळ्या सुकून वाकल्या होत्या.

त्या दुकानाचं नाव मी घेणार नाही. त्यांनी निदान दार उघडलं होतं. बाकी सात ठिकाणी फोनवरच नाही मिळालं. आणि पहिली चूक माझीच, मी न वाचता पिल्लू घेतलं. पण पिल्लू विकणारी दुकानं वीस आणि वाढलेली मोरे परत घेऊ शकणारी एकही नाही, ही अवस्था तुम्हीच बदलू शकता.

माझं मागणं फार मोठं नाही. पाटीवर किमतीच्या शेजारी जातीचं नाव आणि पूर्ण वाढल्यावरची लांबी लिहा. पाटी मराठीत असली तर आणखी बरं. हनीकोंब, जायंट यांची पिल्लं मागवूच नका, आणि गिऱ्हाइकानं आग्रह धरलाच तर त्याला टाकीचा फोटो, माप आणि झाकण दाखवायला सांगा. जो मनापासून मोरे ठेवू पाहतो त्याला स्नोफ्लेक द्या, तीही घट्ट झाकणाच्या चार फुटी टाकीसाठी. झेब्रा मोरे द्यायची तर ती दीड मीटरपर्यंत जाऊ शकते हे सांगून द्या. या दोघी मुख्यतः खेकडे-कोळंब्या खाणाऱ्या, दात बोथट, माशांना त्यामानानं कमी त्रास. विकण्याआधी मोरेनं गिऱ्हाइकासमोर चिमट्यातला एक तुकडा खाऊन दाखवला पाहिजे. निळी रिबन ईल तर सहसा मागवूच नये. ती दिसते सुंदर, लहानपणी काळी, मग नर निळा, मग तोच मादी होऊन पिवळा. पण बंदिस्त टाकीत बहुतेक वेळा ती अन्नाला तोंडच लावत नाही आणि काही आठवड्यांत उपाशी मरते. तुम्हाला हे माझ्याहून जास्त माहीत आहे, मेलेली ईल तुम्हीच उचलता.

धंदा बुडेल असं म्हणाल. एका मोरेवर तुम्हाला मिळतं ते हजार-दोन हजार. माझ्यासारखं गिऱ्हाईक टिकलं तर दर पंधरवड्याला मीठ, दर महिन्याला गाळणीचा मीडिया, वर्षाला एक पंप. माझी मोरे गेली त्या दिवसापासून माझ्या ओळखीतल्या दोघांनी समुद्री मासे पाळणं सोडलं, कारण त्यांच्याही मोरे अशाच गेल्या.

आणि हे विसरू नका, की तुमच्याकडे येणारी प्रत्येक मोरे समुद्रातून उचललेली असते. तिची अंडी आपण उबवत नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू काचेच्या पानासारखं पारदर्शक, चपटं असतं आणि महिनोन्‌महिने उघड्या समुद्रात वाहत राहतं, मग कुठल्यातरी खडकाला येऊन लागतं. इतकी वाट काढून ती तुमच्या प्लास्टिकच्या पिशवीपर्यंत पोहोचते.

परत घेण्याची सोय आपण मिळून करू. सगळ्या दुकानांनी मिळून एक मोठी टाकी एका जागी ठेवावी, खर्च वाटून घ्यावा. तोवर माझी सहा फुटांची टाकी आहे. वडील आता बरे आहेत, पलंगखाट गेली, टाकी पुन्हा जागेवर आली आहे. पाणी चालू आहे, चिलर चालू आहे, झाकणाला चारही क्लॅम्प आहेत. आत सध्या फक्त दोन क्लीनर कोळंब्या आहेत. तुमच्याकडे कुणी वाढलेली मोरे परत आणली आणि ठेवायला जागा नसेल, तर तीन फुटांच्या टाकीत टाकू नका, मला फोन करा. माझा नंबर तुमच्या वहीत आहेच. ड्रम आणि एअर पंप घेऊन मी रात्रीही येईन.

आपलं,
एक जुनं गिऱ्हाईक, डोंबिवली